मराठी लेखनातले वादळ

मराठी भाषेत वादळांना तोटा नाही. विधिमंडळात वादळ उठते, साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणावरून उठते, प्रेमभंग झालेल्या नायकाच्या अंतःकरणात तर प्रकरणामागून प्रकरण उठत राहते. पेल्यातले वादळ आपल्या बोलण्यात इतके रुळले आहे की समुद्रावरून येणारे वादळ हे त्याचेच थोरले भावंड वाटावे. व्यंकटेश माडगूळकरांनी गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीवर कादंबरी लिहिली, तिला 'वावटळ' हे नाव दिले, आणि ते नाव कोणालाही खटकले नाही. कारण मराठी वाचकाला वावटळ म्हणजे माणसांनी माजवलेला कल्लोळ हे सांगावे लागत नाही. आमच्या भाषेने वाऱ्याकडून शब्द उसना घेतला तो घेतला, पुन्हा वाऱ्याला परत केलाच नाही.

हा विचार मनात येण्याचे निमित्त साधे होते. आमच्या धर्मग्रामातील युवक-युवतींसाठी घेतलेल्या निबंधस्पर्धेत परीक्षणाचे काम माझ्याकडे आले. विषय होता 'वादळ'. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांमुळे या भागात वसलेल्या कुटुंबांची ही मुले. त्यांतील कित्येकांची आजोळे वसईला, उत्तनला, रायगडात, रत्नागिरीत, गोव्यात, काहींची थेट कन्याकुमारीच्या किनाऱ्यावर. म्हणजे वादळ ज्यांच्या नात्यागोत्यात येऊन गेले आहे अशी मुले. तरीही निबंधांतून काय आढळले? 'निसर्गाचा कोप', 'लाटांचे तांडव', 'अक्राळविक्राळ रूप', आणि शेवटी न चुकता 'मानवाने यापासून धडा घेतला पाहिजे'. ज्याच्या मामाची होडी फुटली तोही हेच लिहितो आणि ज्याने समुद्र केवळ सहलीत पाहिला तोही हेच लिहितो. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. आपण मोठ्यांनी जी भाषा त्यांच्या हाती दिली ती त्यांनी प्रामाणिकपणे परत केली. दोष शोधायचाच असेल तर तो आपल्या वाङ्मयात आणि, मला खेदाने म्हणावे लागते, आपल्या प्रवचनांतही शोधावा लागेल.

आधी वस्तुस्थिती. ३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' हे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस, मुरूडच्या आसपास किनाऱ्यावर आले. ताशी सुमारे ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, मुरूड, म्हसळा आणि पलीकडे दापोली, मंडणगड हा सारा पट्टा उद्ध्वस्त केला. पोफळीच्या आणि नारळीच्या वाड्या तासा-दोन तासांत आडव्या झाल्या, घरांची कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब मोडले आणि कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. दिवस आगोटीचे होते. तांदूळ, सुकट, मीठ, मिरची यांची पावसाळ्याची बेगमी घराघरांत भरून ठेवलेली होती. ती छप्पर गेल्यावर एका पावसात भिजून गेली. त्यातच महामारीची टाळेबंदी. मुंबईतला आणि पिंपरीतला चाकरमानी एरवी पहिल्या गाडीने गावाकडे धावला असता, त्यालाही मनात येताच निघता येत नव्हते.

हे वादळ किनाऱ्यावर थांबले नाही. घाट ओलांडून ते आपल्या जिल्ह्यात आले. मावळातील आणि खेडमधील फुलांची हरितगृहे फाटली, पिंपरी-चिंचवडमध्ये झाडे उन्मळून पडली, आणि खेड तालुक्यातील वहागाव येथे भिंत कोसळून एका वृद्ध स्त्रीचा मृत्यू झाला. चाकण ज्या तालुक्यात आहे त्याच तालुक्यातील हे गाव. समुद्राचे वादळ ही किनाऱ्यावरच्यांची बाब, असे सह्याद्रीच्या या बाजूला बसून म्हणण्याची सोय त्या दिवशी संपली.

त्या वादळाचे नावही लक्षात घेण्यासारखे आहे. हिंदी महासागराच्या उत्तर भागातील वादळांना सभोवतालचे देश पाळीपाळीने नावे देतात. २०२० च्या एप्रिलमध्ये जी नवी यादी जाहीर झाली तिच्यातील हे पहिले नाव, बांगलादेशाने सुचवलेले. बंगालीत त्याचा जो अर्थ तोच मराठीत. त्यामुळे मराठी वृत्तपत्रांना मथळ्यांची चंगळ झाली: निसर्ग कोपला, निसर्गाने निसर्ग ओरबाडला. पुढच्या वर्षी म्यानमारने सुचवलेले नाव आले. त्याचा अर्थ एक प्रकारची पाल. आमच्याकडे कोणी ते तौक्ते लिहिले, कोणी तौते. अर्थ लागत नसल्यामुळे त्यावर कोटी करता आली नाही, आणि मला वाटते बातम्या त्यामुळे थोड्या बऱ्या लिहिल्या गेल्या. 'तुफान' हा शब्द तर अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. अरबीत तो नोहाच्या काळच्या जलप्रलयासाठी वापरतात. प्रलयाचे ओझे वाहणारा हा शब्द मराठीत येऊन 'तुफान गर्दी' आणि 'तुफान विनोदी' इथपर्यंत हलका झाला. शब्दांचे असे होते, त्याला इलाज नाही. मात्र समीक्षकाने त्याची नोंद ठेवावी.

आता वाङ्मयाकडे वळू. मराठी रसिकाला तुफान म्हटले की प्रथम आठवतात ते गणपतराव बेलवलकर. वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आले, डॉ. श्रीराम लागूंनी ती भूमिका अजरामर केली, आणि आसरा मागत हिंडणाऱ्या वृद्ध नटाचे स्वगत महाराष्ट्राच्या घराघरात पाठ झाले. त्या स्वगतात तो नट स्वतःलाच तुफान म्हणवतो. हे नाटक थोर आहे, त्याविषयी वाद नाही. पण ज्या नाटकाची सावली त्यावर आहे त्या शेक्सपिअरच्या 'किंग लियर'शी ते ताडून पाहावे. लियर वादळात सापडतो तेव्हा वादळ त्याच्या बाहेर असते. पाऊस खरा असतो, थंडी खरी असते. त्या थंडीतच त्या राजाला आयुष्यात प्रथम आठवण होते ती अंगावर धड वस्त्र नसलेल्या, छप्पर नसलेल्या प्रजेची. आपण राज्य करीत असताना त्यांची फिकीर केली नाही, हे तो कबूल करतो. तिथे वादळ राजाला दुसऱ्यांकडे पाहावयास लावते. आमच्या लाडक्या स्वगतात वादळ हाच नायक झाला आणि प्रेक्षकाचे सारे अश्रू त्याच्यासाठी खर्ची पडले. कुसुमाग्रजांना गरिबांचा कळवळा नव्हता असे कोण म्हणेल? दोष असलाच तर आमच्या ऐकण्यात आहे. आम्हांला वादळ आवडते. उडालेले छप्पर आवडत नाही.

त्याच कवीची 'कणा' ही कविता याच्या अगदी उलट टोकाला आहे. पुरात घर वाहून गेलेला जुना विद्यार्थी आपल्या शिक्षकांकडे येतो, झालेली हानी जणू पाहुणचाराची हकीकत सांगावी तशी सांगतो, पैसे नाकारतो आणि पाठीवर हात मागतो. इथे भिंत आहे, चूल आहे, पत्नी आहे. दोन-चार शब्दांत सगळे घर उभे केले आहे. मराठीत आपत्तीवर इतकी संयत कविता दुसरी क्वचितच असेल. पण तिचा पुढचा प्रवास पाहिला की मन अस्वस्थ होते. प्रत्येक पुरानंतर, प्रत्येक वादळानंतर ती व्यासपीठावरून म्हटली जाते, आणि म्हणणारा बहुधा तो असतो ज्याच्याकडून पैसे येणे बाकी आहे. विद्यार्थ्याने पैसे नाकारणे हा त्याचा स्वाभिमान आहे. ते देणाऱ्याला मिळालेले सूटपत्र नव्हे. शिवाय कवितेतील शिक्षकाचा हात खिशाकडे आधी गेलेला आहे, हे आपण विसरतो. चांगली कविता सभेत सोयीची झाली की तिचे रक्षण करणे हे समीक्षेचे काम ठरते.

देण्याघेण्याचा विषय निघालाच आहे तर एका वेगळ्या प्रकारच्या गद्याकडेही पाहू. निसर्ग वादळानंतर शासनाने बागायतीसाठी हेक्टरी १८ हजारांऐवजी ५० हजार रुपये देण्याचे ठरवले. वाढ मोठी दिसते. पण हेक्टर हा शब्द कोकणातला नाही. तिथली वाडी गुंठ्यांत मोजतात. पाच गुंठे, आठ गुंठे, तीही भावाभावांत वाटलेली. हेक्टर म्हणजे साधारण शंभर गुंठे. म्हणजे गुंठ्याला आले पाचशे रुपये. त्या गुंठ्यात माड असतात, माडांच्या सावलीत पोफळी असतात, पोफळीवर मिरीचे वेल चढवलेले असतात, मधून एखादे जायफळ, कडेला केळी. पोफळ धरायला सहा-सात वर्षे लागतात, माडाला त्याहूनही अधिक. आंब्याच्या किंवा उसाच्या मळ्यासाठी ठरवलेले माप या वाडीला लावले की वाडी कागदावर नाहीशीच होते. बागायतदारांनी ओरड केल्यावर पुढे झाडामागे मदतीचा निर्णय झाला: नारळाला २५० रुपये, सुपारीला ५०. आकड्यांचे समर्थन-खंडन मी करीत नाही. मला दिसते ते इतके की, शासनाला आपली भाषा बदलावी लागली. हेक्टर जाऊन झाड आले. पंचनामा हा वाङ्मयप्रकार नव्हे असे मानण्याची आपली रीत आहे. परंतु त्या पावसाळ्यात किनाऱ्यावर सर्वांत काळजीपूर्वक वाचले गेलेले मराठी लेखन तेच होते.

दुसरे एक लेखन मला पाहावयास मिळाले. आमच्या एका ख्रिस्ती कुटुंबाच्या शेजारी चिखलीला श्रीवर्धन तालुक्यातील एक आजी आपल्या मुलाकडे राहतात. वादळानंतर गावी जाऊन त्यांनी शाळेच्या जुन्या वहीत पडलेल्या झाडांची यादी केली होती. "तलाठीभाऊंना दाखवायला लिहिली, फादर," त्या म्हणाल्या. "त्यांनी नुसता आकडा घेतला. म्हटलं, असू दे आपल्याकडे." त्या यादीत झाडांना क्रमांक नव्हते, ओळखी होत्या. विहिरीकडचा माड. सासूबाईंनी लावलेला. ज्याचे पाणी गोड तो. वाकडा, पण दरवर्षी भरणारा. पोफळींची ओळ, पाटाच्या अलीकडची, सगळी. शेवटी एक वाक्य होते की उत्तरेकडचा फणस राहिला आहे. विशेषण जवळजवळ नाहीच, तांडव नाही, कोप नाही. वारा कोणत्या दिशेने फिरला हे झाडे कुठल्या अंगाला पडली यावरून यादीतच कळत होते. मी साहित्याचा विद्यार्थी म्हणून सांगतो, निसर्ग वादळावर माझ्या हाती आलेले सर्वोत्तम मराठी गद्य हे आहे. आजींना ते गद्य वाटत नाही, आणि आमच्या स्पर्धेतल्या त्यांच्या शेजारच्या मुलाला ते विषय म्हणून सुचले नाही. भिंतीपलीकडे ती वही होती आणि इकडे मुलगा लाटांचे तांडव लिहीत होता.

कोकणाचे मोठे लेखक या बाबतीत काय करतात? श्री. ना. पेंडसे यांनी दापोलीचा मुलूख मराठी कादंबरीत कायमचा वसवला. 'गारंबीचा बापू' पासून 'तुंबाडचे खोत' पर्यंत त्यांची माणसे ज्या मातीत वाढली त्या मातीवरून हे वादळ गेले. पेंडशांचा निसर्ग माणसाच्या स्वभावात शिरलेला असतो, हे त्यांचे सामर्थ्य. परंतु त्यांचा किनारा खोताचा आणि बागायतदाराचा अधिक आहे, कोळ्याचा कमी. कोळी मराठीत फार करून गाण्यातून येतो, आणि गाण्यात तो नाचत असतो. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या दिवशी जे थोडे वाचले त्यांतील बऱ्याच जणांना मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले. ही घटना लोकांच्या बोलण्यात आजही आहे. आपल्या ललित साहित्यात मात्र तिला तिच्या तोलाची जागा मिळाली, असे म्हणता येत नाही. भरती, सुकती, उधाण, भांग, खारा वारा, मतलई वारा, इतका नेमका शब्दसंग्रह ज्या समाजाकडे आहे त्याच्यावर आम्ही 'सागराचे राजे' हे बिरुद चिकटवून मोकळे झालो.

आपल्या ख्रिस्ती लेखनाने तरी वेगळे करावयास हवे होते. आपला पहिला मराठी महाकवी समुद्र भोगून आलेला होता. फादर थॉमस स्टीफन्स ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाले ते २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले, आणि त्या प्रवासाची हकीकत त्यांनी वडिलांना पत्राने कळवली. 'क्रिस्तपुराण' छापले गेले ते पुढे १६१६ साली. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता'तून आणि हरित वसईच्या लढ्यातून पाणी, विहीर, बावखल, झाड हे विषय धर्मग्रामाच्या दारात आणून ठेवले. श्रद्धेची भाषा आणि जमिनीची भाषा एकमेकींना परक्या नाहीत हे त्यांनी दाखवले. तरीही हिरव्या वसईविषयी जितके लिहिले गेले तितके निळ्या वसईविषयी लिहिले गेले नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्तेने अर्नाळा, पाचूबंदर, उत्तनच्या किनाऱ्याला झोडपले. त्या घरांतील स्त्रीने, मासळी विकणाऱ्या बाईने, आपल्या नियतकालिकांत स्वतःच्या नावाने लिहिलेला लेख हा अजूनही अपवादच आहे.

प्रवचनांचे तर बोलायलाच नको. वादळ शांत करणाऱ्या प्रभूचा पाठ आला की आम्ही धर्मगुरू लगेच 'जीवनातील वादळे' सुरू करतो: आजारपण, नापास होणे, नोकरी जाणे. ही वाट फार जुनी आहे. तर्तुल्यनने दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या संधीवर त्या होडीत ख्रिस्तसभेचे प्रतीक पाहिले होते. प्रतीकाला माझा विरोध नाही. सेमिनरीत आम्हांला तेच शिकवले आणि ते योग्यच होते. पण मार्कच्या शुभवर्तमानात एक तपशील आहे, जो मत्तय आणि लूक यांनी घेतलेला नाही: त्या संध्याकाळी येशूच्या होडीबरोबर आणखीही होड्या होत्या. त्यांत कोण होते, त्यांच्यात कोणी जागे होते का, लाटा त्यांच्याही आत शिरल्या का, मार्क काही सांगत नाही. प्रतीक करावयाचे तर एक होडी पुरते, म्हणून त्या दुसऱ्या होड्या व्यासपीठावरून कधी उच्चारल्याच जात नाहीत. मच्छीमार मात्र हा पाठ ऐकताना त्याच होड्या मोजील, कारण समुद्रावर कोणी एकटा जात नाही.

वादळाचे लेखन कसे असावे याचा नमुना पवित्र शास्त्रातच आहे. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय साहित्य म्हणून पुन्हा वाचून पाहावा. पौलाने पुढे न जाण्याचा सल्ला दिलेला असतो. शताधिपतीला तांडेलाचे आणि जहाजाच्या मालकाचे म्हणणे अधिक पटते. मग वारा येतो. लेखक त्या वाऱ्याचे खलाशांच्या तोंडी असलेले नाव देतो. जहाजाला खालून दोर आवळले, माल टाकला, पाण्याची खोली आधी वीस वाव आणि मग पंधरा वाव भरली, मागच्या अंगाने चार नांगर सोडले, हे सगळे तो सांगतो. लहान होडी सोडून पळू पाहणारे खलाशीही त्याने लपवलेले नाहीत. जहाजावर किती माणसे होती तो आकडाही देतो: २७६. आणि हे सर्व 'आम्ही' म्हणून सांगतो.

१७ मे २०२१ रोजी मुंबईजवळच्या समुद्रात हीरा तेलक्षेत्रात पी-३०५ हा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. वादळाचे इशारे आधीच मिळालेले होते. तरी तराफा किनाऱ्याकडे न आणता समुद्रातच ठेवला गेला. वाऱ्याने नांगर तुटले, तो भरकटला, आपटला, त्यात पाणी शिरले. काळोखात, उसळत्या समुद्रात नौदलाच्या 'कोची', 'कोलकाता' आदी जहाजांनी १८६ जणांना वर काढले, उरलेले गेले. कामगार निरनिराळ्या राज्यांतले होते. वेल्डर, फिटर, स्वयंपाकी, ज्या हुद्द्यांची माणसे चाकणच्या प्रत्येक कारखान्याच्या दारात पाळी बदलताना दिसतात. त्यांच्या जबान्या चौकशीच्या कागदांत आहेत आणि त्या आठवड्याच्या वृत्तपत्रांत तुकड्यातुकड्यांनी छापल्या गेल्या. कोण कोणाचा हात धरून किती तास पाण्यात होते, जीवरक्षक जॅकेटवरचा दिवा केव्हा विझला, कोणी कोणाचे नाव शेवटी घेतले. लूकने वापरले तसे 'आम्ही' त्या जबान्यांत आहे. त्या एकत्र करून, मराठीत नीट उतरवून, शब्दाला शब्द लावून कोणी वाचकांपुढे ठेवल्या तर त्यांना प्रस्तावनेची गरज पडणार नाही.